चिनी लोकांना अमेरिका खरोखर शत्रू वाटते, की हे फक्त त्यांच्या सरकारचं बोलणं आहे?

चीनमध्ये सरकारचं मत आणि लोकांचं मत पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. कुठली बातमी लोकांपर्यंत पोचायची आणि कुठली प्रतिक्रिया इंटरनेटवर राहू द्यायची, हे सरकार ठरवतं. तरीही अमेरिकेवरचा राग म्हणजे निव्वळ पढवलेली पोपटपंची, असं मी म्हणणार नाही. मी पुण्यात चिनी भाषा शिकलो आणि पुढे कामानिमित्त काही वर्षं शांघायजवळच्या सुचौ शहरात राहिलो. तिथल्या माझ्या सहकाऱ्यांच्या घरी मुलीला बोस्टनला शिकायला पाठवायची तयारी चालू असायची आणि त्याच घरात जेवताना तैवानचा विषय निघाला की आवाज चढायचा. दोन्ही गोष्टी मनापासून असायच्या, आणि त्यात काही विसंगती आहे असं तिथे कुणालाच वाटत नसे.

हा राग समजून घ्यायचा तर 1999 पासून सुरुवात करावी लागते. 7 मे 1999 च्या रात्री युगोस्लाव्हियावर नाटोचे हवाई हल्ले चालू असताना अमेरिकेच्या बी-2 विमानाने टाकलेले बॉम्ब बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर पडले. तीन चिनी पत्रकार मेले. अमेरिकेचं स्पष्टीकरण असं, की जवळच असलेली युगोस्लाव्ह सरकारची शस्त्रखरेदीची कचेरी हे खरं लक्ष्य होतं आणि नकाशे जुने असल्यामुळे चूक झाली. क्लिंटन यांनी माफी मागितली, नुकसानभरपाईही दिली. पण त्या संपूर्ण मोहिमेत सीआयएने स्वतः सुचवलेलं लक्ष्य हे एकच होतं, आणि नेमकं तेच चुकलं. हे सीआयएच्या प्रमुखांनीच अमेरिकी संसदेपुढे सांगितलं. अपघात होता यावर विश्वास ठेवणारा चिनी माणूस मला तरी भेटला नाही. अमेरिकेत शिकून आलेल्यांनाही ते पटत नव्हतं.

तेव्हा बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांनी अमेरिकी दूतावासावर दगडफेक केली आणि राजदूत जेम्स सॅसर आत अडकून पडले. विद्यार्थ्यांना न्यायला बसेस सोडल्या होत्या आणि क्लिंटन यांची माफी चिनी टीव्हीवर उशिरा दाखवली गेली, म्हणजे सरकारने त्या रागाला वाट करून दिली यात शंका नाही. पण राग सरकारने निर्माण केला नव्हता. त्या दगडफेकीत असलेली पिढी आज पन्नाशीकडे आली आहे. ती कारखाने चालवते, विद्यापीठांत शिकवते, मंत्रालयांत फायली हलवते. मे 2024 मध्ये शी जिनपिंग बेलग्रेडला गेले, तेव्हा तारीख मुद्दाम त्या घटनेच्या पंचविसाव्या वर्षदिनाला जुळवून घेतली होती.

त्याच्या मागेपुढेही घटना आहेत. 1993 मध्ये इराणसाठी रासायनिक अस्त्रांचा कच्चा माल नेत असल्याच्या संशयावरून ‘यिन्ह’ हे चिनी मालवाहू जहाज अमेरिकेने अडवलं. सौदी अरेबियात तपासणी झाली तेव्हा काहीच सापडलं नाही. 1996 मध्ये तैवानच्या निवडणुकीच्या तोंडावर चीनने क्षेपणास्त्रांच्या चाचण्या केल्या, तर अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागात आणले. चिनी सैन्याच्या आधुनिकीकरणाला जो वेग आला त्यामागे या अपमानाचा मोठा वाटा आहे. एप्रिल 2001 मध्ये हायनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमानाची चिनी लढाऊ विमानाशी टक्कर होऊन वांग वेई हा वैमानिक मेला. अमेरिकेत या घटना आज बहुतेकांना आठवत नाहीत. चीनमध्ये त्या शाळकरी मुलांनाही माहीत असतात.

तैवानबद्दल तक्रार वेगळ्या जातीची आहे, आणि ती बरीचशी कागदोपत्री आहे. 1972 च्या शांघाय निवेदनात अमेरिकेने ‘चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे’ या चिनी भूमिकेची दखल घेतली. स्वतःची भूमिका म्हणून ती स्वीकारली नाही. 1 जानेवारी 1979 ला राजनैतिक संबंध सुरू झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेने तैवानला संरक्षणासाठी शस्त्रं पुरवण्याचा कायदा केला. 1982 च्या संयुक्त निवेदनात ही विक्री हळूहळू कमी करण्याचा इरादा जाहीर झाला, आणि दहाच वर्षांनी थोरल्या बुश यांनी 150 एफ-16 विमानं विकायला मंजुरी दिली. सही एका गोष्टीवर आणि वागणं दुसरंच, ही चिनी तक्रार मला बरीच रास्त वाटते. मात्र तैवानच्या सव्वादोन कोटींहून अधिक लोकांना काय हवंय, हा प्रश्न तिथल्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. तो मी विचारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर खरोखर गोंधळ दिसायचा.

एवढं असूनही 2008 पर्यंत अमेरिका हीच शिकण्याची जागा होती. त्या वर्षीच्या आर्थिक संकटाने ते चित्र बदललं. चीनचे तेव्हाचे उपपंतप्रधान वांग छिशान यांनी अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांना सांगितलं होतं, की तुम्ही माझे शिक्षक होता, पण आता तुमच्याकडून शिकावं का याची आम्हाला खात्री राहिलेली नाही. पॉल्सन यांनी स्वतःच ते नंतर लिहिलं आहे. इराकचं युद्ध चालू होतं, वॉल स्ट्रीट कोसळली होती आणि बीजिंगमध्ये नुकतंच ऑलिंपिक पार पडलं होतं. त्या काळात अनेकांच्या मनातून अमेरिकेचा दरारा गेला.

दुसरा मोठा बदल 2018 चा. ट्रम्प यांनी आयातशुल्क लावलं तेव्हा सुरुवातीला ते सौदेबाजीचं वाटलं. सोयाबीन आणि बोइंग विमानं घेतली की प्रकरण मिटेल असं लोक म्हणायचे. मग 1 डिसेंबर 2018 ला कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर ह्वावे या चिनी दूरसंचार कंपनीच्या वित्तप्रमुख मंग वानचौ यांना अमेरिकेच्या विनंतीवरून अटक झाली. मे 2019 मध्ये ह्वावेला अमेरिकी तंत्रज्ञान मिळणं जवळपास बंद झालं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये बायडन सरकारने प्रगत चिप आणि त्या बनवण्याच्या यंत्रांवर निर्बंध घातले. पक्ष बदलला, अध्यक्ष बदलला, धोरण मात्र कडकच होत गेलं. आपण कसेही वागलो तरी अमेरिका आपल्याला वर येऊ देणार नाही, हा निष्कर्ष तेव्हा पक्का झाला. राजकारणात अजिबात रस नसलेले इंजिनिअरसुद्धा हेच बोलू लागले, कारण फटका थेट त्यांच्या कामाला बसला होता. ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनमध्ये असतानाच ह्वावेने चीनमध्ये बनलेल्या चिपचा नवा फोन बाजारात आणला. माझ्या ओळखीच्यांच्या फोनवर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, ती चिनी लोक फार कमी बोलतात. तंत्रज्ञान जबरदस्तीने घेणं, परकीय कंपन्यांना अर्धी बाजारपेठ बंद ठेवणं, दक्षिण चिनी समुद्रात कृत्रिम बेटं बांधून त्यांवर धावपट्ट्या काढणं, यांमुळे अमेरिकेचं मत बदलत गेलं. पेकिंग विद्यापीठाचे वांग जिसी यांच्यासारखे अभ्यासक अमेरिकेचा विचार तिच्या बाजूनेही मांडतात, पण असे आवाज आता मोजकेच आहेत. त्सिंगह्वा विद्यापीठाचे यान शुएतोंग तर अमेरिकेबद्दल मवाळ म्हणून ओळखले जात नाहीत. पण जानेवारी 2022 मध्ये त्यांनीच तक्रार केली, की 2000 नंतर जन्मलेले विद्यार्थी जगाकडे वरून खाली बघतात आणि पाश्चात्त्य देशांना सरसकट वाईट समजतात. ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते. आधीच्या पिढीला अमेरिका दुखावणारी वाटायची, पण मोठीही वाटायची. नव्या पिढीतल्या अनेकांना ती फक्त उतरणीला लागलेली दिसते.

आपल्या दृष्टीनेही या नात्याकडे बघायला हवं. जुलै 1971 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर आजारी असल्याचा बहाणा करून पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने बंगालच्या उपसागरात आरमार पाठवलं. आपल्या मागच्या पिढीच्या मनात ते आरमार जसं राहिलं, तसंच चिनी मनात बेलग्रेड राहिलं आहे. जुलै 2023 मध्ये शंभरी गाठलेले किसिंजर पुन्हा बीजिंगला गेले, तेव्हा चीनचे त्या वेळचे संरक्षणमंत्री ली शांगफू त्यांना आवर्जून भेटले. याच ली यांनी आदल्याच महिन्यात सिंगापूरमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांच्याशी बैठक नाकारली होती, कारण अमेरिकेने त्यांच्यावर घातलेले निर्बंध उठवले नव्हते.

भारताबद्दल बोलताना मला तिथे सगळ्यात जास्त त्रास एका गोष्टीचा व्हायचा. ‘क्वाड’ (भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट) म्हणजे समुद्रावरचा फेस, लवकरच विरून जाईल, असं परराष्ट्रमंत्री वांग यी 2018 मध्ये म्हणाले होते. 2020 मध्ये तेच वांग यी अमेरिकेवर हिंद-प्रशांत भागात नवी नाटो उभारत असल्याचा आरोप करत होते. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानमध्ये आपले 20 जवान शहीद झाले होते. भारत अमेरिकेकडे सरकतोय त्याला सीमेवरचं तुमचं वागणं कारण असू शकतं, हे मी अनेकांना समजावून बघितलं. उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं: अमेरिका तुम्हाला वापरून घेते आहे.