अतिआम्ल की महाआम्ल?

प्रश्न असा आहे: 'लुईस सुपरॲसिड'ला, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी कमालीच्या ओढीने घेणाऱ्या रेणूला, मराठीत 'अतिआम्ल' म्हणावं का? आणि आम्ल एरवी प्रोटॉन देतं; ज्यात द्यायला प्रोटॉनच नाही, त्याला मुळात आम्ल तरी का म्हणायचं?

आधी दुसरा भाग. 'अम्ल' म्हणजे आंबट. लॅटिन 'ॲसिडस'ही तेच सांगतो. १९२३ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईसने ही चवीची नाळ तोडली. इलेक्ट्रॉनांची जोडी घेईल ते आम्ल, देईल तो आम्लारी. आता 'आम्लारी' फोडून बघा: आम्ल अधिक अरि, आम्लाचा शत्रू! लुईसच्या घरात मात्र हा शत्रू आपली जोडी पुढे करतो आणि दोघांचा एकच रेणू होतो. तरी शब्द टिकला, मला तो आवडतोही.

'अतिआम्ल' नको. ऐकताच जळजळणारं पोट आठवतं. शिवाय 'अति'मध्ये तक्रार असते: अतिवृष्टी, अतिसार. इथे श्रेणी सांगायची आहे, म्हणून महासागर, महासंगणक यांच्या चालीवर 'महाआम्ल'. संधी करून 'महाम्ल' लिहिलंत तर व्याकरण खूश, वाचक बुचकळ्यात.

'लुईस' मात्र गाळू नका. नुसतं महाआम्ल म्हणजे १०० टक्के सल्फ्युरिक आम्लाहून तीव्र, प्रोटॉन देणारं. लुईस महाआम्लाची पट्टी निराळी. अँटिमनी पेंटाफ्लोराइडचा सुटा रेणू वायुरूपात फ्लोराइड आयनाला धरतो तेव्हा मोलमागे सुमारे ५०० किलोजूल ऊर्जा सुटते. त्याहून घट्ट धरेल ते लुईस महाआम्ल. हे आकडे बहुधा संगणकावर काढलेले असतात.

नळीत मोजायचं तर गुटमन-बेकेट पद्धत. ट्रायइथिलफॉस्फिन ऑक्साइड घालायचं. त्याचा ऑक्सिजन आम्लाला जोडी देतो, आणि शेजारच्या फॉस्फरसचा एनएमआर संकेत (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्राकडून मिळणारा) सरकतो. हेक्झेनमधलं स्थान शून्य, अँटिमनी पेंटाक्लोराइडचं १००. पण रेणूभोवती गर्दी असेल तर ऑक्साइडला आत शिरायला जागा मिळत नाही, चिमुकला फ्लोराइड मात्र घुसतो. त्यामुळे दोन पट्ट्यांचे क्रम जुळतीलच असं नाही. 'सर्वांत तीव्र लुईस आम्ल' असं लिहिणाऱ्याने कोणत्या पट्टीने ते सांगायलाच हवं.

बनवण्यातली अडचण निराळी. २००८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्रॉसिंग यांच्या गटाने ॲल्युमिनियमभोवती फ्लोरिनने लगडलेले तीन अल्कॉक्साइड गट (ऑक्सिजनमार्फत जोडलेले कार्बनी गट) बसवले. हा रेणू इतका हावरा, की मोकळा राहिला तर स्वतःच्याच फ्लोरिनवर हात टाकतो. म्हणून तो फ्लुओरोबेंझीन या द्रावकात बनवतात. या द्रावकाचा एक रेणू ॲल्युमिनियमला सैलसा चिकटून राहतो आणि गरज पडताच बाजूला होतो.

जाता जाता: याला 'संहत' म्हणू नका. संहत किंवा विरल असतं ते द्रावण, तीव्र असतं ते आम्ल. लुईस महाआम्लाचं द्रावण कितीही विरल केलंत, तरी आतलं आम्ल महाआम्लच.