शहर सोडून डोंगरावरच्या गावात नवीन घरी राहायला चाललोय. लवकर सेटल व्हायला आधी काय करावं आणि किती दिवस लागतात?

सामान लावणं, पडदे, नेट हे होतंच हो सगळं. आधी पाण्याचं बघा. कळकळीनं सांगतेय, कारण आम्ही मूळचे लातूरचे, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूर, पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावली होती तेव्हा. आता राहतो माहूरला, डोंगरावर.

घर बांधायला काढलं तेव्हा आमचे थोरले दीर म्हणाले, डोंगर आहे, पाऊस चांगला आहे, खाली पैनगंगा आहे, एक बोअर मारा आन उरलेल्या पैशात फर्निचर करा. मी म्हटलं पैनगंगा खाली आहे भाऊजी, आपण वर राहणार. इथं थोड्याशा मातीखाली काळा पाषाण, पाऊस धो धो पडतो आन उताराला लागून निघून जातो, खडकात फट लागली तर बोअरला पाणी, नाहीतर नुसती धूळ उडते. त्यावरून इतकं वाजलं की वास्तुशांतीला ते जेवले आन न बोलता निघून गेले. तरी मी अंगणाखाली टाकी बांधूनच घेतली, मिस्त्रीला सांगितलं रंग राहू दे, टाकी आधी. हिशोब सोपा आहे, हजार स्क्वेअर फुटाच्या स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 9 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे जवळपास एक टँकर, तोही फुकट.

सागाची पानं उन्हाळ्यात गळून स्लॅबवर साचतात, मिरगाच्या आधी झाडून घ्यायची, पाइपाच्या तोंडाला जाळी, पहिला पाऊस बाहेर सोडून द्यायचा.

पुढच्या मे महिन्यात भाऊजी सगळं कुटुंब घेऊन रेणुकामातेच्या दर्शनाला आले, शेजारचे बोअर आटलेले, आन आमच्याकडं सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, कपडे धुतले. मी सगळ्यांसमोर विचारलं, हे पाणी कुठलं? म्हणाले तुमचं नशीब चांगलं. नशीब नाही, स्लॅबला दिलेला उतार आहे तो.

बाकी, नवरात्र आन दत्त जयंतीला इकडं सामानाचा टेम्पो आणू नका, गर्दीत अडकेल, तुमच्याही गावात जत्रा असेल तर तारीख बघून निघा. वानरं टाकीचं झाकण उचलतात, त्यावर दगड नाही, कडी-कोयंडा पाहिजे. किती दिवस म्हणाल तर एक पावसाळा आन एक उन्हाळा त्या घरात काढा, त्याच्याआधी शहरात बसून सल्ले देणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून परत फिरू नका, त्यांना तिथं राहायचं नाहीये.

हां, भाड्याचं घर असेल तर खोदकाम नको, प्लॅस्टिकच्या टाक्या पन्हाळीखाली लावा. आन सिमेंटच्या पत्र्यावरचं पाणी प्यायला घेऊ नका, वापरायला ठीक. स्लॅबचंही गाळून, उकळूनच प्या, आम्ही तसंच पितो.