वाचक विचारतात: भंगारातला थ्रॉटल आणि जर्मनीचं कर्ज

(गाड्यांच्या ईसीयूची, म्हणजे इंजिन वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाची, चाचणी करणारी, मूळची मेकॅनिकलवाली आणि आता ऐरोलीकर झालेली आमची स्तंभलेखिका या महिन्यात दोन पत्रांना उत्तरं देते आहे.)

प्रश्न: मॅडम, मी कळव्याला राहतो. बी.ई. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, सीजीपीए 7.4. बाबांचं गॅरेज आहे. हल्ली गाड्या आल्या की बाबा स्कॅनर लावतात, बिघाडाचे कोड पुसतात, आणि चार दिवसांनी चेक-इंजिनचा दिवा पुन्हा लागतो. मला ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायचंय. सीनियर म्हणतात, तिथे इलेक्ट्रॉनिक्सवाले तुला खाऊन टाकतील. कन्सल्टंट म्हणतो, जर्मनीच. बाबा म्हणतात, कर्ज नको. काय करू?

उत्तर: "दिवा पुन्हा लागतो" हे वाचून मला हसूच आलं. आमच्या अख्ख्या खात्याचा पगार त्या पुन्हा लागणाऱ्या दिव्यावर निघतो.

तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. कन्सल्टंटकडे परत जाण्याआधी गॅरेजमागच्या भंगारात जा आणि केबल नसलेला, मोटरवर चालणारा एखादा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) शोधून काढ. वायर काही जोडू नकोस. आत पितळी रंगाची गोल चकती दिसेल. बहुतेक थ्रॉटलमध्ये ती पूर्ण मिटलेली नसते, कडेला नखाएवढी फट राहते. बोटाने मिटवायला गेलास तर स्प्रिंग विरोध करते, उघडायला गेलास तरीही करते, आणि सोडलीस की चकती बरोबर त्याच फटीवर येऊन थांबते. (गाडीवर बसवलेल्या थ्रॉटलमध्ये बोट घालू नकोस. त्या मोटरला बोट आणि साचलेला कार्बन यातला फरक कळत नाही.)

ती फट मुद्दाम ठेवलेली असते. मोटर गेली, वायर तुटली, ईसीयूने हात वर केले, तरी इंजिनाला थोडी हवा मिळावी आणि मुंब्रा बायपासवर अडकून न पडता गाडी रखडत का होईना घरी यावी, म्हणून. आता सांग, ही फट किती असावी हे ठरवलं कुणी? स्प्रिंगवाल्याने की कोडवाल्याने? दोघांना एका टेबलाशी बसावं लागलं. तुझ्या बाबांनाही हे माहीत आहे, फक्त वेगळ्या भाषेत: थ्रॉटल साफ केला की गाडीचं आयडलिंग वरखाली होतं आणि स्कॅनरवरून तो "शिकवावा" लागतो. चकतीवरचा कार्बन गेला, तेवढ्याच फटीतून हवा जास्त जायला लागली, आणि ईसीयू मात्र जुन्याच हिशेबावर बसलेला. मेकॅट्रॉनिक्स ते हेच. हा शब्द 1969 मध्ये जपानच्या यास्कावा कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरने काढला. कंपनी मोटरी बनवणारी होती, हे लक्षात ठेव.

सीनियरांच्या भीतीबद्दल. माझ्या मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला प्रयोगशाळेत नेमका हाच थ्रॉटल होता. कंट्रोलर, म्हणजे मोटरला हुकूम देणारा प्रोग्राम, लिहायचा, चकती सांगितलेल्या कोनावर थांबवायची. सिम्युलिंकमध्ये (संगणकावर आधी चालवून बघायचं सॉफ्टवेअर) आमचा आलेख इतका सुरेख की पार्टनरने त्याचा फोटो काढून घरी पाठवला. खऱ्या थ्रॉटलला जोडला, आणि त्या फटीजवळ आल्यावर चकती टर्रर्र करत थरथरायला लागली. पार्टनर इलेक्ट्रॉनिक्सचा, हुशार. संध्याकाळपर्यंत गेनचे, म्हणजे कंट्रोलरने किती जोर लावायचा त्याचे, आकडे बदलत बसला. मी शेवटी चकती हाताने फिरवून पाहिली तेव्हा कळलं: फटीच्या अलीकडे एक स्प्रिंग, पलीकडे दुसरी, तिथे ताकदीची दिशाच पालटते, वर घर्षणामुळे चकती आधी चिकटते आणि मग उडी मारते. आमच्या मॉडेलमध्ये एकच सरळ रेषेतली स्प्रिंग होती आणि घर्षण शून्य. ते दुरुस्त केलं, थरथर थांबली. त्या दिवशी मला कुणी खाल्लं नाही.

त्याच सेमिस्टरला सिग्नल प्रोसेसिंगमध्ये मात्र मी नापास झाले. इथे लाप्लास ट्रान्सफॉर्म परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स पाठ करून सोडवला होता, तो तिथे व्याजासकट अंगावर आला. म्हणून या वर्षी वेळ घालवायचाच असेल तर लिनिअर अल्जेब्रा, कंट्रोल थिअरी आणि साधं सी यांवर घालव. ऑटोकॅडचं आणखी एक सर्टिफिकेट नको.

आणि मल्टिमीटर वापर. गाडीतले ईसीयू एकमेकांशी ज्या दोन वायरींवर बोलतात ती कॅन बस, बॉशने 1986 मध्ये जाहीर केलेली. तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून ठेव आणि स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मोज. बऱ्याच गाड्यांत तिथे 60 च्या आसपास आकडा दिसेल. 120 दिसला तर एक टोक तुटलंय. (नव्या काही गाड्यांत सॉकेट आणि बसच्या मध्ये गेटवे नावाचा वेगळा ईसीयू असतो, तिथे हा हिशेब चालत नाही.) सहा महिने बाबांकडे येणाऱ्या गाड्यांवर हे आणि असंच करून, वहीत लिहून बघ. कंटाळा आला तर मास्टर्सचे पैसे वाचले.

कंटाळा नाही आला तर मग जर्मनी. व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं, त्यामुळे मार्कशीट आत्ताच गोळा कर. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून पैसे दरमहा ठरावीकच काढता येतात) एका वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवावे लागतात (2024 च्या सप्टेंबरपासूनचा हा आकडा), म्हणजे रुपयांत 10 लाखांच्या वर. ते तुझेच पैसे, दरमहा 992 परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात, आणि बाबांची झोप उडते ती तिथे. सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाही, मात्र बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. बॉश, मर्सिडीज, पोर्शे त्याच राज्यात, तेव्हा फीकडे बघून नुसतं नाक मुरडू नकोस.

तुझे 7.4. जर्मन पद्धतीत ते बदलताना 10 मधून 7.4 वजा, गुणिले 3, भागिले 10 आणि पासिंगमधला फरक, अधिक 1. पासिंग 4 धरलं तर 2.3 येतात, 5 धरलं तर 2.56. तिकडे आकडा जितका कमी तितका चांगला, आणि पुष्कळ ठिकाणी 2.5 ची रेघ असते. म्हणून पासिंगचा आकडा कॉलेजकडून शिक्क्यासह लिहून घे. क्लार्क कुरकुर करतील, पुन्हा जा.

कोर्सच्या नावावर भाळू नकोस. जर्मनीत केम्निट्झच्या टीयूत (तंत्र विद्यापीठात) ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आहे, ते नावाप्रमाणे सॉफ्टवेअरच. इंग्लंडात क्रॅनफिल्ड विद्यापीठात थेट ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्स आहे, एका वर्षाचं, पण फी भरून. जर्मन कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार माहितीची पुस्तिका, बहुतेक वेळा नेटवर असतं, कंटाळवाणं आणि लांबलचक. तेच वाच, आणि तुझ्या मार्कशीटवर इलेक्ट्रॉनिक्स-कंट्रोलचे किती क्रेडिट दिसतात ते ताड. मेकॅनिकलवाल्यांचे अर्ज जास्त करून तिथेच परत येतात.

कर्ज नकोच असेल तर गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, दे. त्यात मेकॅट्रॉनिक्सचा वेगळा पेपर नाही, मेकॅनिकलचाच द्यायचा. स्कोअर 3 वर्षं चालतो आणि एम.टेक.ला महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो. पुण्याच्या एआरएआयची (गाड्यांवर संशोधन करणारी संस्था) अकादमीही विद्यापीठांबरोबर पदव्युत्तर कोर्स चालवते. कळव्याहून पुणे म्हणजे शनिवारी घरी जेवायला येता येईल इतकं जवळ. मला विचारशील तर पहिली दोन वर्षं तिकडे. बाबांचंही ऐकल्यासारखं होईल, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नाहीयेत.

प्रश्न: मी 34 वर्षांची, कोपरखैरण्याला राहते. रबाळ्याच्या एका कारखान्यात पीएलसी (यंत्रं चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) आणि मेंटेनन्स बघते. गाड्यांच्या क्षेत्रात जायला एम.टेक. करावं का? नोकरी सोडून क्लास लावावा का? वय झालं का?

उत्तर: नोकरी सोडू नका. गेटला वयाची अट नाही, पण तुम्हाला त्याची गरजही दिसत नाही. बिट्स पिलानी नोकरी करणाऱ्यांसाठी ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्सचं एम.टेक. चालवते, ते बघा. पीएलसीवर तुम्ही सेन्सर, व्हॉल्व्ह आणि इंटरलॉक रोज हाताळता. गाडीत तेच करताना आयएसओ 26262 हे गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक पाळावं लागतं, हा फरक आधी समजून घ्या. अर्जाला कंपनीचं संमतीपत्र लागतं. दिवाळीचा बोनस जाहीर व्हायच्या आधी मॅनेजरकडे विषय काढू नका.