घराच्या विम्यात नेमकं काय भरून मिळत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत फ्लॅट आहे, गृहकर्ज देताना बँकेने घराचा विमा काढायला लावला, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधलं पाणी झिरपून तुमच्या बेडरूमचं छत खराब झालं, आणि कंपनीने क्लेम नाकारला. मग या विम्यात आणखी काय काय बसत नाही, आणि तो चालू ठेवावा का?

मी विमा सर्व्हेअर आहे. जळलेली, बुडालेली, तडे गेलेली घरं बघून नुकसान कशामुळे आणि किती झालं हे लिहून देणं हे माझं काम. दारात गेल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे कधी झालं?’ समोरच्याने ‘मंगळवारी पहाटे’ असं उत्तर दिलं की काम पुढे सरकतं. ‘दोन-तीन पावसाळे झाले, हळूहळू वाढत गेलं’ असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण पुढे काय होणार ते मला तिथेच कळलेलं असतं. घराचा विमा हा अचानक घडलेल्या घटनेचा विमा आहे. झीज, ओल, वाळवी, गंज, कच्चं बांधकाम यांना घडल्याची तारीख नसते, म्हणून ती त्यात येत नाहीत. तुमचा क्लेम इथेच अडकला.

वरच्या घरातला पाइप फुटून तेच छत एका रात्रीत भिजलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं. पाण्याच्या टाक्या, नळ, पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हे पॉलिसीत आहे. आणि सर्व्हेअरला फरक दिसतो. झिरपलेल्या छतावर चहाच्या डागासारखी एकात एक वर्तुळं असतात, पोपड्यांखाली पांढरे क्षार फुलून आलेले असतात, कधी कधी स्लॅबची सळई गंजून फुगलेली दिसते. पाइप फुटून भिजलेल्या छतावर डागाची एकच ताजी कड असते. त्यामुळे गळतीला ‘काल पाइप फुटला’ असं सांगायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, उरलेला खरा क्लेमही त्यात जातो. तुमच्या छताचा खर्च वरच्या शेजाऱ्यांशी आणि सोसायटीशी बोलूनच सोडवावा लागेल. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-संडासाची गळती ही त्या त्या सभासदाची जबाबदारी. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

आता एक गोष्ट आधी तपासा. बँकेने दिलेला कागद खरंच घराचा विमा आहे ना? कर्जासोबत पुष्कळदा ‘लोन प्रोटेक्शन’ नावाची पॉलिसी दिलेली असते. तो जीवन विमा असतो: कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज फिटतं. घराला आग लागली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. आपला घराचा विमा आहे या समजुतीत दहा-दहा वर्षं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि जळक्या घरात उभं राहून त्यांना हे सांगण्याइतकं अवघड काम माझ्या धंद्यात दुसरं नाही. तुमचा क्लेम नाकारणारी कंपनी सर्वसाधारण विम्याची, म्हणजे जीवन विमा सोडून इतर विमे करणारी, असेल तर ही शंका मिटली. मग बघायचं ते हे, की त्यात फक्त इमारत आहे की घरातलं सामानही आहे.

१ एप्रिल 2021 पासून विमा नियामक आयआरडीएआयने ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना सक्तीची केली. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, वाहन किंवा झाड आदळणं, दंगल, दहशतवादी हल्ला हे त्यात आहे. इमारतीसोबत सामानही घेतलं तर इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, सामानाची यादी न देताही धरलं जातं. पण बँकेमार्फत काढलेल्या बऱ्याच पॉलिसी नुसत्या इमारतीच्या असतात, कारण बँकेचं तारण तेवढंच.

याचा अर्थ काय होतो ते 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणमध्ये मी पाहिलं. एका घरात चिखलाची रेघ फ्रिजच्या वर होती. भिंती उभ्या होत्या, स्लॅब शाबूत होता, म्हणजे इमारतीचं नुकसान रंग, दारं आणि वायरिंगपुरतं. गेलं होतं ते सगळं सामान: गाद्या, कपाटं, शिलाई मशीन, मुलीची बारावीची पुस्तकं. पॉलिसी मात्र फक्त इमारतीची. घरातल्या आजींनी कपाटातल्या नोटा धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. रोख रक्कम सामानाचा विमा असता तरी मिळाली नसती. नोटा-नाणी, चेक, शेअर, घराची कागदपत्रं हे पॉलिसीच्या बाहेर आहे. दागिन्यांचं वेगळं आहे. ते मूल्य ठरवून स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, आपोआप येत नाहीत. आणि दारात बुडालेली स्कूटर घराच्या विम्यात नसते. तिला स्वतःचा विमा लागतो, तोही नुसता थर्ड पार्टी असून भागत नाही.

विजेच्या उपकरणांची अट लोकांना सर्वांत जास्त चकवते. शॉर्टसर्किट किंवा जास्त दाबामुळे फ्रिज जळला तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. आकाशातली वीज पडून टीव्हीचं सर्किट गेलं तरीही नाही. पण त्या फ्रिजमधून आग पसरून ओटा, कपाटं, छत जळलं, तर त्या पसरलेल्या आगीचं नुकसान मिळतं, फक्त जिथून सुरुवात झाली तो फ्रिज वजा होतो. उपकरणांच्या बिघाडासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

चोरीचंही तसंच. मूळ पॉलिसीत चोरी आहे, पण ती पूर किंवा आगीसारख्या विमा असलेल्या घटनेमुळे आणि त्यानंतर 7 दिवसांत झालेली. तुम्ही गावाला गेलात आणि कुलूप तोडून चोर आत शिरला, यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण लागतं. ते असलं तरी बहुतेक ठिकाणी जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, आणि घर बराच काळ बंद असेल तर मर्यादा येते. सणाला काढलेली अंगठी कपाटात सापडत नाही, कधी गेली ते आठवत नाही, याला पॉलिसी नुकसान मानतच नाही. हरवणं एखाद्या ओळखता येणाऱ्या घटनेला जोडता आलं पाहिजे. पुन्हा तोच प्रश्न, कधी?

मुंबई-ठाणे-पुण्यात सध्या मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शेजारच्या खोदकामाची. बाजूची इमारत पुनर्विकासाला जाते, तळघराच्या पार्किंगसाठी खोल खड्डा खणतात आणि तुमच्या भिंतीला तिरकी भेग पडते. जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण बांधकाम, पाडकाम किंवा खोदकामामुळे खचली तर नाही. नव्या इमारतीचं नैसर्गिक बसणं, भरावाच्या जमिनीचं सरकणं, निकृष्ट काम, हेही नाही. शेजारच्या जागेभोवती कुंपणाचे पत्रे ठोकायला लागले की लगेच आपल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा आणि सोसायटीमार्फत बिल्डरला आणि महापालिकेला पत्र द्या. भेग खोदकामाआधी नव्हती हे तेवढ्यानेच दाखवता येतं, आणि भरपाई बिल्डरकडून मागायची असते. कोकणात किनाऱ्यावर घर असेल तर हेही वाचा: समुद्राने किंवा नदीने हळूहळू जमीन खाऊन घर गेलं तर ती धूप अपवादात आहे.

तुम्ही न विचारलेली एक बाब सांगतो. तुमचा फ्लॅट बाजारात 80 लाखांचा असेल, पण विमा बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. 600 चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) आणि बांधकामाचा खर्च फुटाला 2,500 धरला तर विमा रक्कम 15 लाख होते. जागेची किंमत त्यात नाही. कर्ज चालू असेल तर ते पैसेही आधी बँकेकडे जातात. आणि गच्चीवर खोली चढवून किंवा इतर वाढीव बांधकाम करून कार्पेट 10 टक्क्यांहून जास्त वाढलं असेल आणि कंपनीला कळवलं नसेल, तर त्या वाढीचा विमा नाही. युद्ध, अणुकिरण आणि स्वतः मुद्दाम केलेलं नुकसान कुठल्याच पॉलिसीत मिळत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

विमा बंद करू नका. आग आणि पूर एका रात्रीत जे नेतात ते पगारातून परत उभं करायला अर्धं आयुष्य जातं, आणि प्रीमियम त्या मानाने अगदी थोडा असतो. नूतनीकरणाच्या वेळी सामान जोडून घ्या, घरफोडीचं विचारा, दागिने असतील तर लिहून द्या.

या क्लेमबद्दल कंपनीकडून नकाराचं कारण कलमासह लेखी मागवा. झिरपणं असेल तर ते उत्तर टिकेल असं मला वाटतं. पण वरचा पाइप खरोखर एका दिवशी फुटला होता आणि प्लंबरचं त्या तारखेचं बिल असेल, तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, 50 लाखांपर्यंतची तक्रार ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. छताला रंग देण्याआधी डागांचे जवळून फोटो काढून ठेवा आणि प्लंबर काय म्हणाला ते इथे लिहा, मी बघून सांगतो.