आधी घनफळ मोजा, मग पूड घाला

एलईडी ड्रायव्हर म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट. त्याची उष्णता बाहेर काढायला त्यावर ओतायच्या इपॉक्सीत (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड मिसळताय, सुरुवात योग्य आहे. उष्णता आणखी चांगली वाहून नेणारी बोरॉन नायट्राइडची पूड महाग पडते, आत्ताच तिच्या मागे लागू नका.

नव्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे टक्केवारी वजनावर धरणं. अॅल्युमिनाची घनता ३.९ ग्रॅम प्रति घनसेंमीच्या आसपास, इपॉक्सीची १.१५. म्हणजे वजनाने निम्मी पूड घातली तरी घनफळाने ती जेमतेम २२-२३ टक्के भरते. कण एकमेकांपासून लांबच राहतात आणि उष्णतेला मधल्या प्लास्टिकमधूनच वाट काढावी लागते. साध्या इपॉक्सीची उष्णतावाहकता साधारण ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विन. ती १ पर्यंत न्यायची तर घनफळाने ४०-४५ टक्के, म्हणजे वजनाने ७०-७५ टक्के पूड लागते. घाबरू नका, बसते!

फक्त एवढं सांभाळा:

- जाडसर आणि बारीक अशी दोन मापांची पूड घ्या. बारीक कण जाड्यांच्या फटीत बसतात, मिश्रण ओतण्याजोगं राहतं.
- पूड आधी ११०-१२० अंश सेल्सिअसवर दोनेक तास वाळवा.
- मिसळल्यावर व्हॅक्यूममध्ये हवा काढा. बुडबुडा म्हणजे उष्णतेला अडसर.
- मास्क लावाच.

माझा पहिला ठोकळा करवतीने कापला, तर वर मधाच्या रंगाचा नुसता इपॉक्सीचा थर आणि तळाशी पांढरा गाळ. पूड कमी होती, मिश्रण पातळ, म्हणून ती खाली बसली. तुम्हीही पहिला नमुना कापूनच बघा. पूड आणि इपॉक्सी एकमेकांना नीट चिकटावीत म्हणून वापरतात त्या सिलेनचं नंतर बोलू.