जपानी ग्रंथांचे डिजिटल काम आणि आपल्याकडची दप्तरे

प्रश्न : मी आमच्या भागातील एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली असून जपानी भाषेची एन-३ ही मधल्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. एका विद्यापीठाच्या जपानविषयक ग्रंथालयात डिजिटल संशोधन प्रकल्पांसाठी समन्वयक नेमायचा असल्याची जाहिरात पाहिली. या समन्वयकाचे नेमके काम काय असते? गावातल्या वाचनालयाचा अनुभव तिथे उपयोगी पडेल का?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : पदाचे नाव भारदस्त असले तरी हे काम मुख्यतः माणसांशी बोलण्याचे आणि ठरलेले लिहून ठेवण्याचे आहे. समन्वयक स्वतः स्कॅनिंग करत नाही, संगणकप्रणाली लिहीत नाही आणि बहुतेक वेळा संशोधनाचा विषयही त्याचा नसतो; पण प्राध्यापक, सूचीकार, ग्रंथांची डागडुजी करणारे कारागीर, संगणक विभाग आणि काम करणारे विद्यार्थी या सर्वांनी काय ठरवले, कोणाचे श्रेय कुठे नोंदवायचे आणि अनुदान संपल्यावर तयार झालेला संग्रह कोण सांभाळणार, हे त्याने पाहायचे असते. यातला शेवटचा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. स्कॅनरच्या खरेदीपासून सुरू झालेले प्रकल्प पुष्कळदा प्रतिमांचा ढीग मागे ठेवून थांबतात, कारण त्या प्रतिमांत काय आहे हे सांगणारी नोंद कोणी कशी करायची, यावर कोणी बोललेलेच नसते.

जपानी संग्रहात ही नोंद किती बारकाईने करावी लागते, ते पाहा. एदो काळातील (१६०३ ते १८६८) छापील ग्रंथ उजवीकडून उघडतो. त्याचा कागद एकाच बाजूला छापून मधोमध दुमडलेला असतो आणि मोकळ्या कडा शिवणीत गेलेल्या असतात. म्हणून अभ्यासक तिथे आपल्यासारखी पृष्ठे मोजत नाहीत. ते दुमडलेली पाने मोजतात आणि पानाची पुढची बाजू ‘ओ’ व मागची बाजू ‘उ’ या खुणेने सांगतात. ग्रंथ उघडून छायाचित्र घेतले की एकाच प्रतिमेत उजवीकडे पहिल्या पानाची मागची बाजू आणि डावीकडे दुसऱ्या पानाची पुढची बाजू येते. स्कॅन करणाऱ्याने सवयीप्रमाणे डावीकडून क्रमांक दिले, तर सबंध ग्रंथाचा क्रम उलटतो आणि संशोधकाने दिलेला संदर्भ पुन्हा सापडत नाही. ज्यांनी पोथ्या हाताळल्या आहेत, पानाचा आकडा एकाच बाजूला पाहून पाने लावली आहेत, त्यांना ही अडचण चटकन कळते. तुमचा अनुभव उपयोगी पडेल तो इथे.

तारखांचेही तसेच आहे. जपानने पाश्चात्त्य कालगणना १ जानेवारी १८७३ पासून स्वीकारली. त्यापूर्वीचे महिने चांद्र गणनेचे आहेत. शिम्बाशी ते योकोहामा हा जपानचा पहिला रेल्वेमार्ग मेइजी ५, म्हणजे मेइजी राजवटीच्या पाचव्या वर्षाच्या, नवव्या महिन्याच्या १२ तारखेला समारंभपूर्वक सुरू झाला, आणि ती तारीख १४ ऑक्टोबर १८७२ आहे. एखाद्या घाईच्या नोंदीत ती १२ सप्टेंबर अशी पडली, तर त्या दिवसाचे चित्र आणि त्या दिवसाची बातमी संग्रहात एक महिन्याच्या अंतराने वेगळी पडतील. म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि रूपांतरित तारीख दुसऱ्या रकान्यात, हा नियम समन्वयकाने पहिल्या दिवशी लिहून घ्यावा. मोडी कागदावरील शुहूर सन, फसली सन आणि शक या कालगणनांचा घोळ ज्याने निस्तरला आहे, त्याला या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

नावांचा विषय त्याहून नाजूक आहे. चित्रकार होकुसाईने आयुष्यभरात तीसहून अधिक नावे घेतली. शुनरो, सोरी, ताइतो, इइत्सु, मानजी अशा वेगवेगळ्या सह्यांची चित्रे एकाच माणसाची आहेत, हे यंत्राला आपोआप कळत नाही. ‘गोविंदाग्रज’ आणि ‘बाळकराम’ शोधणाऱ्या वाचकाला सावनेरला १९१९ मध्ये निधन पावलेल्या राम गणेश गडकरींपर्यंत नेणारी नोंद आपल्या तालिकेत लागते, तशीच ती तिथेही लागते. शिवाय जपानी नावात आडनाव आधी येते आणि रोमन लिपीत लिहिण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत, त्यामुळे कोणती पद्धत पाळायची हे एकदाच ठरवून सर्वांना कळवावे लागते. यात चालढकल झाली की सूचीकार आणि संशोधक वर्षभराने एकमेकांच्या नोंदी दुरुस्त करत बसतात.

प्रतिमा लोकांपुढे ठेवण्यासाठी आज जगभरची ग्रंथालये आयआयआयएफ ही समान रचना वापरतात. तिच्यामुळे टोकियोच्या राष्ट्रीय डाएट (संसद) ग्रंथालयातील प्रत आणि तुमच्या विद्यापीठातील प्रत, दोन्ही आपापल्या जागी राहूनही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी पाहता येतात. ती कशी चालते एवढे समजून घ्या. आज्ञावली लिहिता यायलाच हवी असे नाही.

एन-३ वर नोंदी आणि साधी पत्रे वाचता येतात, परंतु जपानी संस्थांशी परवानग्यांची बोलणी करायची तर त्यावरच्या एन-२ पातळीची तयारी आतापासून करावी. अर्जासोबत एक छोटे पूर्ण काम दाखवता आले तर फार चांगले. विषय तुमच्या जिल्ह्यातच आहे : निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. या संबंधाविषयी तुमच्या वाचनालयात आणि परिसरातील ग्रंथालयांत जे छापील साहित्य असेल, त्याची वीस-पंचवीस नोंदींची मराठी, रोमन आणि जपानी अशी तिहेरी सूची करा, आणि ती करताना घेतलेला प्रत्येक निर्णय कारणासह एका वहीत लिहा. निवड करणाऱ्यांना सूचीइतकीच ती वहीही दाखवा. वाचनालयाची दाखल नोंदवही तुम्ही आजवर काटेकोर ठेवली असेल, तर तेही अर्जात स्पष्ट लिहावे. ते कमी लेखण्यासारखे काम नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यात मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि काही महानुभाव पोथ्या आहेत. जपानमध्ये जुने हस्ताक्षर मोबाइलवर वाचता येते, असे ऐकले. तसे साधन मोडीसाठी मिळेल का? तोवर आम्ही काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे, पण ते साधन कसे उभे राहिले हे समजून घेणे आपल्या अधिक कामाचे आहे. जपानमध्ये १९०० साली प्राथमिक शाळांसाठी प्रत्येक ध्वनीला हिरागाना या जपानी अक्षरमालेतले एकच रूप ठरवण्यात आले. त्यामुळे पूर्वीची कुझुशिजी ही धावती लिपी हळूहळू वापरातून गेली आणि आज बहुतेक जपानी लोकांना आपल्याच पणजोबांची पत्रे वाचता येत नाहीत. मोडीबाबत आपली जी अवस्था आहे, तीच त्यांची.

त्यावर तिथे आधी माणसे कामाला लागली. क्योतो विद्यापीठातील जुन्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या गटाने जानेवारी २०१७ मध्ये ‘मिन्ना दे होनकोकु’, म्हणजे सर्वांनी मिळून लिप्यंतर, हा उपक्रम सुरू केला. भूकंपांच्या जुन्या नोंदी घरबसल्या वाचून उतरवणारे सामान्य लोक त्यात सहभागी झाले. नवख्याने उतरवलेली ओळ जाणकार दुरुस्त करत आणि नवखा त्यातून शिकत असे. दुसरीकडे राष्ट्रीय जपानी साहित्य संशोधन संस्थेच्या ग्रंथांतून दहा लाखांहून अधिक अक्षरे एकेक करून, पानावरच्या त्यांच्या जागेसह नोंदवली गेली आणि ती सर्वांना खुली करण्यात आली. एवढा पाया तयार झाल्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिवो’ हे मोबाइलवरचे साधन आले. यंत्र शिकले ते त्या माणसांनी तपासलेल्या अक्षरांवरून.

मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणसंचात, २०१४ साली जागा मिळाली आहे, आणि यंत्राला मोडी शिकवण्याचे संशोधनही होत आहे. परंतु वऱ्हाडातल्या वेगवेगळ्या हातांच्या कागदांवर विसंबून राहता येईल, असे साधन मिळेपर्यंत थांबू नका. रुमाल सोडण्यापूर्वी तो बांधलेला कसा होता याचे छायाचित्र घ्या आणि कागद ज्या क्रमाने निघतील तो क्रम मोडू नका, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता यातही माहिती असते. सावलीत, दिवसाच्या सारख्या उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत; वाळवी लागलेला किंवा चिकटलेला कागद मात्र ओढून सोडवू नये. मोडी वाचणारी जी वयस्कर मंडळी तालुक्यात आहेत, त्यांच्याकडून लिप्यंतर ओळीला ओळ जुळवून घ्या. मजकुराचा नुसता सारांश घेतला तर माणसाला उपयोग होतो. ओळीला ओळ असली तर उद्या यंत्रालाही होतो. प्रतिमांच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक गावाबाहेर ठेवावी.

महानुभाव पोथ्यांचे काम थोडे निराळे आहे. त्यातील काही सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत असतात आणि त्या वाचण्याची परंपरा पंथातच जपलेली आहे. पोथी तुमच्या घरात असली तरी ती खुली करण्यापूर्वी पंथातील जाणत्यांना विचारा. रिद्धपूर तुमच्याच तालुक्यात आहे. प्रतिमा घेणे आणि त्या सर्वांपुढे मांडणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा निर्णय काही वर्षांनी घेतला तरी चालतो.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांसाठी जपानी बालकथा मराठीत आणायच्या आहेत. परवानगी लागते का?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : लेखक कधी वारला, यावर ते अवलंबून आहे. जपानमध्ये ३० डिसेंबर २०१८ पासून लेखकहक्काची मुदत मृत्यूनंतर ५० ऐवजी ७० वर्षे झाली, मात्र आधीच मुक्त झालेले साहित्य पुन्हा बंद केले गेले नाही. त्यामुळे १९६७ अखेरपर्यंत निधन पावलेल्या लेखकांचे साहित्य तिथे मुक्त आहे. १९४३ मध्ये निधन पावलेल्या नीमी नानकिची यांच्या कोल्ह्याच्या व गावकऱ्यांच्या कथा चौथी-पाचवीच्या मुलांना नक्की आवडतील, आणि त्या १९९७ पासून स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘आओझोरा बुंको’ या इंटरनेटवरील संग्रहात मूळ जपानीत मिळतात. परंतु तुम्ही इंग्रजी किंवा हिंदी अनुवादावरून मराठी करणार असाल, तर त्या अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो आणि भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. चित्रांचा हक्क चित्रकाराचा असतो, म्हणून चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत.