ट्रेलर घ्यावा, पण 36 टनांच्या हिशेबावर नव्हे

प्रश्न : मी जालन्याहून कळंबोलीला दहाचाकी ट्रकने सळईची वाहतूक करतो. 40 फुटी जुना फ्लॅटबेड (सपाट, उघड्या पाटाचा) ट्रेलर घोड्यासह, म्हणजे तो ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीसह, 28 लाखांना मिळत आहे. 6 लाखांची मुदत ठेव मोडून आणि 22 लाखांचे कर्ज काढून तो घ्यावा का?

उत्तर : आपला मूळ विचार बरोबर आहे. सळई 12 मीटर लांबीची असल्यामुळे दहाचाकीत ती दुमडावी लागते किंवा मागे बाहेर राहते, आणि माल असा बाहेर आल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार 20,000 रुपये दंड होतो. 40 फुटी ट्रेलरवर मात्र तीच सळई सरळ मावते.

माझी हरकत आहे ती हिशेबाला. आपण फेरीला 36 टन धरले आहेत, परंतु पाठवलेल्या नोंदणीपुस्तकाप्रमाणे 30 टनच भरता येतात. टनाला 1,200 रुपये भाडे आणि महिन्याला 8 फेऱ्या या आपल्याच आकड्यांनी हे जादा 6 टन 57,600 रुपयांचे होतात. ते वगळले की डिझेल, टोल आणि चालकाचा पगार जाऊन आपण दाखवलेली 95,000 ची शिल्लक 37,400 वर येते (डिझेल थोडे वाचेल, इतकेच), तर 12.5 टक्के दराने 4 वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 58,500 रुपये बसतो. एकदा वजनकाट्यावर सापडलात तर 20,000 आणि जादा टनामागे 2,000 असे 32,000 रुपये जातील, शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागेल.

पैशापलीकडेही एक गोष्ट आहे. खंडाळ्याच्या उतारावर जादा भाराने ब्रेक तापतात, आणि जोराचा ब्रेक लागला तर सैल बांधलेली सळई पुढे सरकून थेट केबिनमध्ये शिरते. त्यासाठी भक्कम हेडबोर्ड (माल पुढे सरकू न देणारी पुढची आडभिंत), साखळ्या आणि त्या आवळणारे बाइंडर हवेत. दोरखंडावर भागवू नये. काही किलोमीटर गेल्यावर भारे दबून साखळ्या ढिल्या पडतात, म्हणून थांबून त्या पुन्हा आवळाव्या लागतात. माल फार मागे रचला तर घोड्याच्या चाकांवरचा दाब कमी होऊन त्यांची पकड सुटते. या सामानाचा आणि टायरचा खर्च आपल्या यादीत मुळीच नाही.

तरीही या व्यवहारात एक जागा आहे, जी आपल्या पत्रात आलेली नाही. कळंबोलीहून आपण रिकामे परतता, आणि न्हावा शेवा बंदर तिथून जवळ आहे. ट्रेलरला ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे जखडणारी फिरती कुलुपे) असतील तर परतताना कंटेनर आणता येईल, अर्थात त्याचे वजनही 30 टनांत बसवून. महिन्यात अशा 4 फेऱ्या खर्च जाऊन प्रत्येकी 8,000 देत असतील तर शिल्लक 69,400 होते आणि हप्ता भरून टायर-दुरुस्तीसाठी सुमारे 10,900 उरतात. असे काम लेखी मिळेपर्यंत ठेव मोडू नये, आणि मिळाल्यावरही त्यातील 2 लाख राखून, तेवढी किंमत घासाघीस करून कमी करून घ्यावी. घोडा आणि ट्रेलर यांची नोंदणी वेगवेगळी असते, तेव्हा दोन्हींची योग्यता प्रमाणपत्रे चालू आहेत का आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे इसार देण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून तपासून घ्यावे.